अपूर्ण म्हणून नोंदलेला गोंधळ

वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती शिवणारे संतरामभाऊ आमच्याच गल्लीत राहतात. दाभणात सुतळी ओवताना ते खाली बघत नाहीत, समोरच्याशी बोलत असतात. गप्प होतात ते एकाच विषयावर, वडिलांच्या. वडील दगडोबा गोंधळी होते, संबळ वाजवायचे. मुलाने मात्र संबळाला कधी हात लावला नाही. त्याचं कारण मला गेल्या महिन्यात कळलं.

माझी मुलगी रेवती एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवून घेते. एका फितीवर तिला ‘दगडोबा गोंधळी, वसमत, १९८६’ असं दिसलं. तिने ती मला फोनवर पाठवली आणि मी संतरामभाऊंना बोलावलं. चहा निवला तरी ते फोनकडे बघेनात.

“वहिनी, त्या फितीनं आमच्या घराला डाग लावला,” ते म्हणाले.

गोंधळात आधी धान्याचा चौक मांडून, दिवटी पेटवून देवीला आवाहन करायचं, मग कथा, आणि शेवटी आरती करून तिला निरोप द्यायचा. दगडोबांचा गोंधळ फितीवर घ्यायला साहेब आले ते भर दुपारी. ना चौक, ना दिवटी. फीत संपली तशी मशीन उचलून निघून गेले. आठ दिवसांत दगडोबांना अर्धांगवायू झाला आणि वाचाच गेली. त्यांची बहीण गंगूताई तेव्हापासून एकच म्हणत आली, देवीला बोलावलं आन् तसंच बसवून ठेवलं. संबळ माळ्यावर गेला. आता संतरामभाऊंच्या लेकीचं, प्रतीक्षाचं लग्न ठरलंय. त्यातला गोंधळही बाहेरचे गोंधळी घालणार होते.

“मग नको लावू का?”

“भ्या वाटतंय. पण बापाचा आवाज ऐकून अडतीस वरसं झाली. लावा.”

आधी साहेबांनी तारीख सांगितली, गाव सांगितलं, “सुरू करा” म्हणाले. संबळावर दोन थापा पडल्या आणि दगडोबांनी एकदम कथाच धरली. ग्रंथालयाच्या नोंदीत ‘सुरुवात नाही, अपूर्ण’ असं लिहिलंय. मलाही वाटलं, सुरुवातीचा तुकडा गेला असेल. संतरामभाऊंनी सुरुवात तीनदा लावायला सांगितली.

“काई गेलं न्हाई, वहिनी. साहेब ‘सुरू करा’ म्हणून राहिला अन् बाप लगेच कथेवर. आवाहन केलंच न्हाई त्यानं.”

“विसरले असतील.”

“गोंधळी सोताचं नाव विसरंल, आवाहन न्हाई. चौक नव्हता, म्हणून बोलावलंच न्हाई. मंग निरोप कोणाला द्यायचा?” मग ते म्हणाले, “आत्या बोलायची तवा तो आडवी मान हलवायचा. आमाला वाटायचं, पस्तावून राहिला.”

त्यांनी माझ्याच समोर कळमनुरीला गंगूताईंना फोन लावला आणि माझा फोन त्याच्याजवळ धरून फीत ऐकवली.

“आवाज दगड्याचाच हाय,” गंगूताई म्हणाल्या. “घसा बसल्यावानी. आवाहन काहून न्हाई रे?”

“तेच तर दाखवून राहिलो, आत्या.”

त्यांनी सुरुवात पुन्हा लावायला सांगितली. मग, “मरस्तोवर बोलले मी त्याला.”

“प्रतीक्षाच्या गोंधळाला मी उभा राहू का?”

“पोती शिवणारा तू. येतं का काई?”

“न्हाई येत. हे ऐकून शिकतो.”

“कथा शिकशील. आवाहन कुठून आणशील? ते माझ्याकून घे, मी हाय तवर. रविवारी ये, वही घिऊन.”

“अन् त्या बाहेरच्या गोंधळ्याहिला काय सांगू?”

“जेवायला या म्हणावं.”