चार नावांचे निगेटिव्ह रिपोर्ट

त्यानं माझ्या टेबलावर चार रिपोर्ट मांडले. चारही एचआयव्हीचे, चारही निगेटिव्ह. नावं मात्र चार वेगवेगळ्या पुरुषांची.

"यातले तुम्ही कोण?"

"एकबी नाय, मॅडम. पण रक्त चारी येळेला माझंच."

मी सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. सुई टोचण्याआधी आणि निकालानंतर माणसाशी बोलायचं, हे माझं काम. घाबरलेली माणसं रोजच येतात. उसनी नावं घेऊन फिरणारा हा पहिलाच. त्याला गणेश म्हणू. वाळूजला एका कंपनीत फिटर, राहायला बजाजनगरात.

"काय घडलं ते सरळ सांगा. मी लाजत नाही, तुम्हीही लाजू नका."

पाच महिन्यांपूर्वी तो एकदाच एका अनोळखी बाईकडे गेला होता.

"कंडोम होता?"

"व्हय."

"फाटला? निसटला?"

"नाय. पण मोबाईलवर लई वाचलं. तोंड आलंय, वजन उतरलंय."

"जेवता किती?"

"दोन घास, कसेबसे."

धोका अगदीच कमी होता. विषाणू शिरल्यापासून तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, त्याला विंडो पीरियड म्हणतात. तीन महिन्यांनंतरचा निगेटिव्ह म्हणजे पक्का निगेटिव्ह. शेवटचा रिपोर्ट तर मागच्याच आठवड्यातला होता. मी हे सगळं समजावलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "संतोष निगेटिव्ह हाय, इरफान निगेटिव्ह हाय. माझं काय?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बजाजनगरच्या लॅबमध्ये अर्धं गाव भेटतं आणि काउंटरवरून नाव मोठ्यानं पुकारतात. म्हणून हा लांब शहरात जाऊन, कधी उस्मानपुऱ्यात, कधी छावणीत, कंपनीतल्या मित्रांची नावं सांगून रक्त देत होता. आता कागदावर दुसऱ्याचं नाव दिसलं की याचा जीव काही भांड्यात पडेना. लग्न पंधरा दिवसांवर, आणि हे साहेब ते मोडायला निघालेले. वडिलांना सांगून ठेवलं होतं, पत्रिका वाटू नका. मला त्याची कीव आली आणि रागही. राग जास्त. तिकडं एक मुलगी साड्या निवडत बसली होती.

मी आमच्या डॉक्टरांकडे गेले.

"मॅडम, चार निगेटिव्ह आहेत. पाचवी टेस्ट कशाला? किट वाया."

"सर, त्याच्या नावावर एकही नाही. एक किट द्या, लग्न वाचतंय."

डॉक्टर हसले. "घ्या."

संमतीच्या फॉर्मवर त्याचा पेन अडखळला. मी फायलींचं कपाट आणि त्याचं कुलूप दाखवलं. मग तो ताठ बसला. स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव, गाव, तालुका, सगळं एका दमात सांगितलं. टेक्निशियननं त्याच्यासमोरच ट्यूबवर लेबल लावलं.

अर्ध्या तासानं निकाल आला. किटवर एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह. त्यानं रिपोर्टवर बोट ठेवून आधी नाव वाचलं, मग निकाल, मग पुन्हा नाव.

"मीच हाय, मॅडम!"

"तुम्हीच. आणि ठणठणीत."

तो हमसून रडला. माझेही डोळे भरले, ते कशाला लपवू? मग त्यानं तिथूनच घरी फोन लावला.

"आबा, वाटा पत्रिका!"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "कवाच वाटल्या. तुझं कोण ऐकतंय?"

आता मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा कुलूप दाखवते आणि मगच नाव विचारते. उसन्या नावाचा निगेटिव्ह कितीही खरा असला, तरी त्यानं कुणाला झोप लागत नाही.