चायना मॅडमची शाबासकी

चायना मॅडमच्या घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, आणि इंग्रजीसुद्धा. "ठेव गं ते तिथेच चपलांपाशी, कोणी चोरत नाही," असं त्या दारातच म्हणायच्या. उरणमध्ये चिनी भाषा शिकवणारी ही एकटीच बाई, म्हणून अख्खं गाव त्यांना चायना मॅडम म्हणे. दिसायला मात्र चीनशी काडीचा संबंध नाही. सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा आणि हातात कायम कुरमुऱ्यांचा डबा.

तो डबा खाण्यासाठी नसायचा. प्रत्येकीने तळहातावर एक कुरमुरा ठेवायचा, हात तोंडासमोर धरायचा आणि अक्षर म्हणायचं. 'प' म्हटला तर कुरमुरा जागचा हलता कामा नये, 'फ' म्हटला तर उडालाच पाहिजे. फसुद्धा फणसातला, ओठ मिटून. फॅनमधला म्हटला की मॅडमची मान नकारार्थी हललीच. तास संपेपर्यंत फरशीवर कुरमुऱ्यांचा सडा पडायचा. माझी आई एकदा मला बोलवायला आली आणि दारातूनच ओरडली, "ही शिकवनी हाय का भेळेची गाडी?" मॅडम इतक्या हसल्या की शेवटी त्यांना ठसका लागला.

माझी गत सगळ्यांत वाईट. मी इंग्रजी शाळेतली, मराठी फक्त आईशी भांडण्यापुरती. चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले असत आणि मी ते सरळ इंग्रजीसारखे वाचायची. 'बी' दिसला की 'ब', 'झेड' दिसला की 'झ'. मॅडम कपाळाला हात लावायच्या. "अगं बये, अक्षरं इंग्रजांची आहेत, उच्चार नाहीत. 'बी' दिसला की प म्हण. 'झेड' दिसला की चमच्यातला च. आईने हे सगळं तुझ्या तोंडात आयतं भरून ठेवलंय, आणि तू इंग्रजांच्या दारात वाटी घेऊन उभी!" ज्या दिवशी मी 'बीजिंग' सोडून स्वच्छ 'पेइचिंग' म्हटलं, त्या दिवशी त्यांनी माझी पाठ थोपटली, तोंडभरून "शाब्बास!" म्हणाल्या आणि हातावर गुळाचा खडा ठेवला.

स्वतः मॅडम काही नोकरीसाठी चिनी शिकल्या नव्हत्या. "धम्माचे कितीतरी ग्रंथ आपल्याकडे हरवले, ते चिनीत शिल्लक आहेत," असं त्या सांगायच्या. शाळेत शिकवता शिकवता, सुट्ट्यांमध्ये पुण्याला जाऊन त्या ही भाषा शिकल्या. आम्हाला कसला धम्म न् कसलं काय, आमचा डोळा बंदरावरच्या ऑफिसांवर! त्याचा त्यांनी कधी राग धरला नाही. "मी बुद्धासाठी शिकले, तुम्ही कंटेनरसाठी शिका. कुरमुरा दोघांना सारखाच," म्हणायच्या.

आमच्यात त्यांची मुलगी सुजाताही होती, माझ्याच वयाची. तिचे उच्चार काय सांगू! डोळे मिटून ऐकलं तर मोबाईलवरची चिनी बाई कुठली आणि सुजाता कुठली, ओळखू यायचं नाही. पण मॅडम तिला कधी चांगलं म्हणाल्या नाहीत. तिचं म्हणून झालं की नुसतं, "हं, पुढे." शिक्षकांच्या पोरांची ही दशा आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली आहे. स्वतःच्या मुलाला मार्क हात आखडूनच द्यायचे, नाहीतर लोक म्हणतील, घरचाच म्हणून दिले. मॅडमची हयात शाळेत गेली होती, ती खोड घरीही सुटली नाही. मी गूळ चघळत बसलेली असायची आणि सुजाता सांडलेले कुरमुरे झाडत असायची. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याची आता लाज वाटते.

मग न्हावा शेव्याजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत चिनी बोलणाऱ्या मुलीची जागा निघाली. जागा एकच. मी गेले, सुजाताही गेली. मुलाखतीच्या आधी मॅडमनी मला रोज जादा बसवून घेतलं, सुजाता आत स्वयंपाक करत होती. नोकरी मला लागली. पेढे घेऊन गेले तर पहिला पेढा सुजातानेच माझ्या तोंडात घातला. पुढे ती दिवेआगरला, पर्यटक उतरतात अशा एका घरी कामाला लागली.

वर्षभराने आमचे साहेब चहा पिता पिता सहज बोलून गेले, "तुम्ही दोघी आम्हाला सारख्याच वाटलात, म्हणून तुमच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुलाच घ्या." दुसरी मुलगी बाईंचीच, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी चहाचा कप तसाच ठेवला. संध्याकाळी तडक मॅडमकडे गेले आणि विचारलं, "मॅडम, मी सुजातापेक्षा चांगली बोलायची?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नाही गं. तिचेच उच्चार चांगले. पण आपल्याच पोरीचं नाव घ्यायला जीभ रेटेना. वाटलं, ती हुशार आहे, तिला कुठेही मिळेल." मी नोकरी सोडते म्हटलं, तर भडकल्या. "नोकरी म्हणजे काय उष्टं ताट आहे, दुसऱ्यापुढे सरकवायला?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला सांगू नकोस. मला तिच्याकडे बघता यायचं नाही." मी कबूल झाले. पगार होत राहिला आणि प्रत्येक पगाराला मला चोरट्यासारखं वाटत राहिलं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, माणसं पांगली, आम्ही दोघी मागे भांडी आवरत होतो. सुजाता पाठमोरी होती. तशीच म्हणाली, "तुझ्याशी आई भरभरून बोलायची. माझ्याबद्दल कधी काही म्हणाली का गं?"

शब्द दिला होता, पण आता तो पाळवेना. फोनपासून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला हाताला धरून बाहेर काढणार. काढलं असतं तर बरंच वाटलं असतं.

सुजाता वळली. "'तिचेच उच्चार चांगले' म्हणाली? अगदी असंच?"

"असंच."

"परत सांग."

मी परत सांगितलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली. नोकरीचं तिने नावही काढलं नाही. मी इतकी वर्षं तिची नोकरी घेतली म्हणून झुरत होते, आणि तिला जे हवं होतं ते माझ्याच पोटात पडून होतं.