आठ भागिले पाच

“सर, हे मंद ठिपके माझ्या एकाही फोटोत नाहीत,” वैशाली म्हणाली. टेबलावर तिचे चार फोटो होते आणि शेजारी माझ्या मॉडेलची प्रिंट.

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वैशाली माझ्याकडे पीएच.डी. करत होती. विषय होता क्वासिक्रिस्टल.

घरातली फरशी पाहा. एकच नक्षी ठराविक अंतराने पुन्हा येते. साधा क्रिस्टल तसा असतो. क्वासिक्रिस्टलची नक्षीसुद्धा शिस्तीची असते, पण ती तशी ठराविक अंतराने पुन्हा येत नाही. अशा नक्षीत बारीक छिद्रं पाडलेल्या प्लेटमधून लेसर सोडला, की प्रकाश वळतो, पसरतो आणि पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. वैशाली त्या रांगोळीचे फोटो काढायची. ठिपके कुठे पडायला हवेत, हे माझा प्रोग्राम काढायचा.

माझ्या मॉडेलमध्ये ठळक ठिपक्यांच्या मधे मंद ठिपक्यांच्या ओळी दिसत होत्या. माझ्या माहितीप्रमाणे त्या आधी कुणी दाखवल्या नव्हत्या. मी पेपर लिहायला घेतला होता.

“प्लेट खराब असणार.”

“चार प्लेट झाल्या, सर. दोन तर पुण्याहून करून आणल्या.”

“मग एक्स्पोजर कमी पडतंय.”

“तेही वाढवून बघितलं. राग मानू नका सर, पण एकदा प्रोग्राम बघू का?”

“तू दहावीत होतीस तेव्हा लिहिलाय मी तो.”

तिने फोटो गोळा केले आणि ती गेली.

तिच्या पीएच.डी.ची मुदत संपत आली होती. वाढवून घ्यायला माझं पत्र लागणार होतं. तेव्हा तिचे वडील रहिमतपूरहून मला भेटायला आले. फौजेतून रिटायर झालेले हवालदार. आमचे एचओडीही तिथे बसले होते.

“आवं सर, पोरगी लय कष्ट करतीया. चुकतंय कुठं तिचं?”

“प्रयोगाला हात बसलेला लागतो, हवालदारसाहेब. तिचा बसलेला नाही.”

“मला तुमच्यातलं काय कळत न्हाई. पर फौजेत चार जवानांचा निशाणा सारखाच चुकला, तर आदी बंदूक बघत्यात.”

एचओडी हसले. “ही बंदूक सरांनी स्वतः बनवलीय!”

“मग तर बघायलाच पायजे.”

मीही हसलो आणि चहा मागवला. पत्रात मात्र लिहिलं, ‘प्रायोगिक कौशल्य समाधानकारक नाही.’ मुदतवाढ मिळाली नाही. वैशालीने काम सोडलं. पेपर छापून आला, माझ्या एकट्याच्या नावाने.

तीन वर्षांनी, रिटायर होताना, मी कॉम्प्युटरवरच्या जुन्या फाइल्स आवरत होतो. प्रोग्राम उघडला आणि एका ओळीवर थबकलो. क्वासिक्रिस्टलची नक्षी ज्या गुणोत्तरावर उभी असते, तो आकडा सुमारे १.६१८ आहे. दशांशानंतरचे त्याचे अंक कधी संपत नाहीत, तो कुठल्याच अपूर्णांकात बसत नाही. म्हणूनच नक्षी पुन्हा येत नाही. माझ्या ओळीत होतं, आठ भागिले पाच. फार पूर्वी, कॉम्प्युटर हळू होते तेव्हा, चाचणीपुरतं मीच ते घातलं होतं. बदलायचं राहून गेलं. अपूर्णांक घातला की नक्षी फरशीसारखी पुन्हा पुन्हा यायला लागते. मंद ठिपके त्या पुनरावृत्तीचे होते. ते समान अंतरावर होते आणि समान अंतराचा अर्थ मी बीएस्सीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत होतो.

आकडा सुधारून प्रोग्राम चालवला. मंद ओळी गेल्या. उरलं ते वैशालीच्या फोटोंसारखं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि चार वर्षं कुणाला काही सांगितलं नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या काटेकोरपणावर भाषणं झाली, तीही ऐकून घेतली.

गेल्या वर्षी साताऱ्याला गेलो. तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागाची वैशाली प्रमुख आहे. जेवणाच्या सुट्टीत ती गेटवर आली. मी सगळं सांगितलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“चार वर्षं झाली.”

“तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, सर. पुन्हा रजिस्ट्रेशन केलं असतं मी.” मग घड्याळ बघून म्हणाली, “चूक होते, ती समजू शकते मी. या चार वर्षांचं काय समजू?”

सुट्टी संपल्याची बेल झाली आणि ती आत गेली.

पेपर मागे घेण्यासाठी मी जर्नलला लिहिलं. तो आता मागे घेतला गेला आहे. कारण म्हणून माझी चूक छापली आहे आणि वैशालीचे फोटो बरोबर होते हेही, तिच्या नावासह. युनिव्हर्सिटीलाही लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. नोंदणी रद्द होऊन बराच काळ लोटल्याने काही करता येणार नाही. ते पत्र मी वैशालीला पाठवलं. तिने पोच दिली, बाकी काही लिहिलं नाही.

विद्यार्थ्याने मागितला, तर प्रोग्राम उघडून द्यावा. आणि चूक सापडली, तर त्याच आठवड्यात कळवावी. नंतर कळवून रेकॉर्ड तेवढं दुरुस्त होतं.