'सिन्स'चा वचपा

लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत बाई इंग्रजी लेखनाचा क्लास घेत. शिकवायला कडक, जिभेने तिखट. पण फळ्यावर 'फॉर' आणि 'सिन्स' आले की त्यांचा आवाज उगाचच चढायचा.

त्याला कारण होतं. नव्या संसारात त्यांनी नवऱ्याला चिठ्ठी लिहिली होती, 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स.' ती त्याने घरी जेवायला आलेल्या ऑफिसच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवली. "आमच्या हिचं इंग्रजी लंगडतं!" मंडळी पोट धरधरून हसली. पुढे तो दुसरीशी लग्न करून मोकळा झाला. बाईंनी मात्र दातओठ खात इंग्रजी शिकून घेतलं.

आणि एक दिवस ती दुसरीच समोर येऊन बसली.

"बाई, हे चारचौघांत माझ्या चुका वाचून दाखवतात. म्हणतात, तुझं इंग्रजी लंगडतं."

बाईंनी आडनाव विचारलं. तेच!

आयतीच सापडली होती. बाईंनी थंडपणे सांगितलं, "'तीन वर्षांपासून' म्हणायचं तर 'सिन्स थ्री इयर्स' असं लिही. अगदी बरोबर."

पुढच्या तासाला ती आली ती डोळे सुजवूनच. "नणंदेसमोर वाचून दाखवलं, बाई. तुम्ही तर बरोबर म्हणाला होतात."

बाई ओशाळल्या. राग कोणावर, आणि काढला कोणावर!

"चूक माझी. आता नीट ऐक. आपण 'तीन वर्षांपासून' म्हणतो आणि 'सोमवारपासून'ही म्हणतो, तिथेच पाय घसरतो. किती काळ, ते सांगायचं तर 'फॉर'. केव्हापासून, ते सांगायचं तर 'सिन्स'." मग हळूच विचारलं, "शुक्रवारपर्यंत काम संपवतो, हे तुझा नवरा कसं लिहितो गं?"

"'टिल फ्रायडे'."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. मेला अजून तसाच होता! "शुक्रवारपर्यंत काम चालूच राहणार असेल तर 'टिल'. त्याच्या आत संपवायचं असेल तर 'बाय'. पण हे घरात दोघंच असताना बोलू नकोस. मंडळी जमू दे."

मंडळी जमली. जेवताना नवरा आपलंच पत्र ऐटीत वाचून दाखवू लागला, तशी ती गोड आवाजात म्हणाली, "अहो, तिथे 'टिल' नाही, 'बाय' हवं." सगळ्यात आधी हसले ते त्याचे साहेब.

दुसऱ्या दिवशी तो क्लासचा पत्ता काढून तणतणत जिना चढून आला. दारातच थबकला. "तू? तूच तिला फूस लावलीस!"

"फी घेतली, शिकवलं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शिकायचं असेल तर नवशिक्यांच्या बॅचमध्ये जागा आहे."

मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. तो कानापर्यंत लाल होऊन उतरला. बाईंना असं गार वाटलं, की त्या दिवशी त्या कुणावरच ओरडल्या नाहीत.

ती पुढच्या तासाला आली तेव्हा बाईंनी आपण कोण ते सांगून टाकलं. ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "बाई, आणखी कुठं कुठं चुकतो तो?"