टाकळ्याची कॉफी

मुरबाडला माझ्या माहेरी कॉफी कुणी पाहिली नव्हती. गुळाचा चहा, त्यात गवती चहाची पात, आणि दूध असलं तर असलं. साठ सालाच्या एक-दोन वर्षं आधी लग्न होऊन मी शहापूरला आले आणि पहिल्याच सकाळी एका अनोळखी वासानं जागी झाले. काहीतरी जळत होतं, पण ते जळणं गोड होतं. डोळे मिटून मी तशीच पडून राहिले. कुठल्या घरात आहे, हेच क्षणभर आठवेना.

मग धावत स्वयंपाकघरात गेले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चुलीपुढे बसून लोखंडी कढईत बिया परतत होते. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती, घरात बाईमाणूस मी एकटीच. नवी सून झोपलेली आणि सासरे चुलीशी! मी लाजेनं अर्धमेली झाले. मान वर न करता ते म्हणाले, "बस तिथं. हे काम तुझं नाही, माझं आहे."

त्यांची सगळी नोकरी जंगलखात्यात, कारवारकडच्या रानात गेलेली. कॉफी तिथली. बिया ते कल्याणहून आणवत. भाजत, फळीला आवळलेल्या हातयंत्रात दळत, पितळी पातेल्यात उकळून पांढऱ्या फडक्यातून गाळत आणि वर म्हशीचं सायीचं दूध घालत. दिवसातून तीनदा. माझे यजमान पोस्टात होते. ते सकाळीच निघून जात. मग मामंजी ओटीवरच्या झोपाळ्यावर आणि मी उंबऱ्याच्या आत, अशी आमची कॉफी होई. त्या काळी सून सासऱ्यांपुढे बसत नसे, बोलत तर नसेच. पण हातात कप असला की बसायला निमित्त होतं. समोर माहुलीच्या किल्ल्याचे सुळके धुक्यातून हळूहळू वर येत. मामंजी रानातल्या गोष्टी सांगत: सागवानावर पडणारा पाऊस, नदीवर पाणी प्यायला उतरलेले गवे, रात्रभर ऐकू येणारा धबधबा. मी पदराखालून ऐकत असे. पुष्कळदा मला वाटे, मीही त्या रानात कधीतरी राहून आले आहे.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग एका गणपतीनंतर, विहिरीवरून येताना, मामंजी मधेच खाली बसले. छातीवर हात, अंग घामानं भिजलेलं. यजमान त्यांना कल्याणला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, रक्त घेतलं, ते मुंबईला तपासायला पाठवलं. आठवड्यानं कागद आला. त्यावरचा शब्द यजमानांनी दोनदा वाचून दाखवला. कोलेस्टेरॉल. आमच्या आळीत तोवर कुणी तो ऐकला नव्हता. शेजारच्या काकू विचारायला आल्या, "हा कुठला ताप म्हणायचा?"

रक्तात चरबी वाढली आहे, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तूप बंद, साय बंद, खोबरं बेतानं, रोज चालायचं. आणि कॉफी पूर्ण बंद.

मामंजींनी तूप सोडलं, साय सोडली. कुरकूर केली नाही. रोज कोर्टापर्यंत चालून येऊ लागले. पण सकाळी झोपाळ्यावर रिकाम्या हातांनी बसत आणि मला उंबऱ्याशी यायला काही कारणच उरलं नाही. धुकं यायचं, सुळके वर यायचे, घरात आवाज नसायचा. एवढ्याशा घरात आम्ही दोन मुक्या सावल्यांसारखे वावरत होतो.

माहुलीच्या पायथ्याच्या ठाकरपाड्यातून एक मावशी मोळी विकायला येत. दारात भारा टेकवून त्यांनी विचारलं, "बाबा गप का गो बाय?" मी सांगितलं.

"मंग टाकल्याचं बी भाज ना," त्या म्हणाल्या. "आमी चाय नसली का त्येच पितो. कालं व्हतं, कडू लागतं. पन छातीत काय धडधडत नाय."

टाकळ्याची भाजी मी पावसाळ्यात करतच होते. त्याचं बी कुणी भाजतं, हे ठाऊक नव्हतं. कार्तिकात मावशींनी ओंजळभर बिया पदराच्या गाठीतून आणून दिल्या. मामंजी फिरायला गेले तेव्हा भाजल्या, दळल्या, गाळल्या. वरून साय काढलेलं दूध आणि जायफळ. मामंजी परतल्यावर कप त्यांच्यापुढे ठेवला.

"थोडीशीच केलीय," मी हळूच म्हटलं. "यांना सांगू नका."

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. मला वाटलं, आता कप खाली ठेवतील. पण त्यांनी सगळी कॉफी संपवली आणि म्हणाले, "बस. काळी नदीच्या खोऱ्यात एकदा काय झालं…"

हिवाळाभर तसंच चाललं; बिया मावशी पुरवत राहिल्या. मी त्यांना फसवत होते. शिवाय आपण डॉक्टरांचं मोडतो आहोत, असं त्यांना वाटू देत होते. हे दुहेरी पाप मला टोचायचं. पण गोष्टी पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि त्या थांबवायचा धीर मला होत नव्हता.

होळीच्या सुमारास पुन्हा रक्त तपासलं. चरबी उतरली होती. तूप सोडल्यानं, चालण्यानं की कॉफी सुटल्यानं, हे डॉक्टरही नक्की सांगू शकले नाहीत. आता कधीमधी एक कप खरी कॉफी चालेल, एवढं म्हणाले. पुढे माझ्या म्हातारपणी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं, की उकळलेल्या कॉफीतलं तेल कोलेस्टेरॉल वाढवतं, कागदातून गाळली तर ते बरंच अडतं. आमचं तर फडकं होतं. तेव्हा कुणाला काय माहीत!

त्या दुपारी मी मामंजींपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. रडूच आलं.

ते हसले. "अगं, पहिल्याच घोटाला कळलं मला. पावसात वाटा बंद झाल्या की आम्ही कँपात टाकळ्याचं बीच भाजून उकळायचो."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. "बोललो असतो, तर तू उद्यापासून कुठल्या निमित्तानं बसली असतीस?"

पदर सावरून मी पहिल्यांदाच उंबरा ओलांडला आणि ओटीवर, त्यांच्या समोर, भिंतीला टेकून बसले. मामंजी त्यानंतर आठ वर्षं जगले. कॉफी असो वा नसो, माझी बसायची जागा तीच राहिली.