वरपर्यंत जाणारा आवाज

दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, आमचं आणि तळमजल्यावरच्या भाऊजींचं. ते मूळचे सोलापूरचे, केंद्र सरकारच्या नोकरीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा देताना म्हणतात, "वहिनी, साखर बेताची आहे, बिल्कुल." त्यांचं प्रत्येक वाक्य या 'बिल्कुल'वर संपतं, तेही हळू आवाजात. त्यांच्याकडे टीव्ही आहे हे मला कित्येक महिने ठाऊकच नव्हतं.

परवा बॉम्बस्फोटाच्या खटल्यातल्या एका फरार संशयिताला परदेशातून भारताच्या ताब्यात दिलं. सकाळी दुधाच्या बूथवर भाऊजी मला म्हणाले, "सजा व्हायलाच पाहिजे, बिल्कुल." पण इतकं हळू, की माझ्याशिवाय कुणी ऐकलं नसेल.

संध्याकाळी त्याचं विमान दिल्लीत उतरलं. बाहेर फटाके वाजले, कुणीतरी "फाँसी दो!" म्हणून ओरडलं. मी भाजी घेऊन परतले, तर टीव्हीवरच्या त्याच बातम्या सगळ्यांत मोठ्या आवाजात भाऊजींच्या घरात! दार सताड उघडं, जिना नुसता दणाणत होता. यांना झालं तरी काय, म्हणून हाक मारत आत गेले.

टीव्हीसमोर कुणीच नव्हतं. भाऊजी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते, दोन्ही कानांवर हात दाबून. मला बघताच दचकून उठले.

"बंद करू का तो?" मी विचारलं.

"नको, नको." त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "वहिनी, वरपर्यंत जातोय ना आवाज?"

मी होकारार्थी मान हलवली. निघताना सवयीनं दार ओढायला गेले, आणि हात मागे घेतला.