फुलवंताच्या मास्तरांची घंटी

"जमून राह्यलं, बाई, जमून राह्यलं!" पाटीवर दहापैकी नऊ अक्षरं वाकडी असली तरी मास्तर दहाव्या अक्षरापाशी अंगठा टेकवून असं म्हणायचे. चुकीवर त्यांनी फुली मारलेली मी कधी पाहिली नाही.

आमगावजवळच्या एका खेड्यात आम्ही दोघेच शिक्षक होतो. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी नागपूरहून शिक्षक-प्रशिक्षणाचं नॉर्मल स्कूल पास होऊन आलेलो, मोठे वर्ग माझ्याकडे. मास्तर त्याच भागातले, पन्नाशीचे, पहिली-दुसरीला शिकवायचे. घंटेनंतर खाणं मिळतं म्हणून नुसती घंटा ऐकूनही लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा धडा मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. मास्तरांनी त्या कुत्र्याबद्दल कधी ऐकलंही नव्हतं.

त्यांच्याकडे बैलाच्या गळ्यातली एक पितळी घंटी होती. ती वाजली की गोष्ट सुरू व्हायची आणि प्रत्येकाच्या हातावर चार फुटाणे पडायचे. पुढे फुटाणे रोज मिळेनात, तरी घंटी वाजली की पोरं आंब्याखालून धावत यायची.

"आता फुटाणे नसले तरी चालते जी," ते मला म्हणाले. "घंटीच गोड लागून राहिली त्यायले."

फुलवंता नावाची एक मुलगी होती. घरी गोंडी बोलणारी. शाळेत ती तोंडच उघडायची नाही, दाराबाहेर उभी राहायची. मास्तरांनी आधी ती नुसती उभी राहते म्हणून तिला फुटाणे दिले. मग उंबऱ्यावर बसली तेव्हा दिले. मग ओठ हलवले तेव्हा. तीन महिन्यांनी एका सकाळी ती स्पष्ट म्हणाली, "कमळ." मास्तर इतके हरखले की फुटाणे द्यायचेच विसरले. तिनेच हात पुढे केला.

भिंतीपलीकडे माझा वर्ग चिडीचूप असायचा. माझ्याकडे बांबूची छडी होती. गावातले लोक येऊन म्हणायचे, "गुरुजी, आमच्या पोराले मास्तरकडेच राहू द्या न." ते माझ्या मनाला लागलं. तुम्ही शिक्षक असाल तर समजाल. नसाल तर समजून घेऊ नका, तेच बरं.

मी शाळा तपासणाऱ्या डिप्टी साहेबांना पत्र लिहिलं. शाळेत खाऊचं आमिष दाखवलं जातं, शिस्त उरलेली नाही, वगैरे. खाली सही केली नाही. महिन्याभरात मास्तरांची बदली सालेकसाच्या पलीकडे, जंगलातल्या शाळेत झाली.

जाताना त्यांनी घंटी माझ्या हातात दिली. "पोरायले सवय आहे. राहू द्या तुमच्यापाशी." पत्र कोणी लिहिलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

नवा शिक्षक येईपर्यंत त्यांचे वर्ग माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी घंटी वाजवली. पोरं हसत, एकमेकांना ढकलत आत आली. गोंगाट झाला म्हणून मी पुढच्या चौघांच्या हातावर छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्याभरात घंटी वाजताच सगळे हात पाठीमागे जाऊ लागले. मला वाटलं, शिस्त लागली. फुलवंता पुन्हा उंबऱ्यावर बसू लागली, मग दाराबाहेर उभी राहू लागली. मग दिसेनाशी झाली.

दिवाळीनंतर मास्तर भेटायला आले. जंगलातली चारोळी फडक्यात बांधून आणली होती. आल्या आल्या त्यांनी माझ्या टेबलावरची घंटी उचलून वाजवली. तिसेक माना एकदम खाली गेल्या. हात पाठीमागे. एक लहान पोरगा रडू लागला.

मास्तरांनी घंटी मुठीत गच्च धरून आवाज बंद केला. "काऊन रे?" त्यांनी इतकंच विचारलं. मग त्यांनी विचारलं, "फुलवंता कायले नाही आली?"

"तिनं शाळा सोडली जी. शेळ्या राखते तलावावर," एक मुलगी खाली बघतच म्हणाली.

मास्तर माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "पोरं हुशार आहेत, गुरुजी. किती लवकर शिकली."

त्या दिवशी मी छडी मोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. मोडली नाही. पुढे दोन वर्षं वापरली. मास्तरांना पत्राबद्दलही सांगितलं नाही. ते सालेकसाकडेच वारले, हे मला फार उशिरा कळलं.

मास्तर भेटायला आले त्या दुपारी शाळेच्या ओसरीतून तलावाची पाळ दिसत होती. फुलवंता शेळ्यांपाशी पाठ करून बसली होती. मास्तर तिच्यापासून पाच-सात हातांवर बसले. त्यांनी हाक मारली नाही. फडक्यातून मूठभर चारोळी काढून एका पानावर दोघांच्या मधे ठेवली आणि पाण्याकडे बघत राहिले. मी त्या दोघांपर्यंत जाऊ शकलो असतो. पाच मिनिटांची वाट होती.

गाडीची वेळ झाली तेव्हा ते उठले. पान तिथेच ठेवून बांधाबांधाने स्टेशनाकडे चालू लागले. फुलवंताने तोवर मान वळवली नव्हती.